अणुकचऱ्याची ठेव

अणुभट्टींत वापरलेलें इंधन जमिनींत कायमचें पुरण्याचा भार अमेरिकन सरकारनें १९८२ चा कायदा करून शिरावर घेतला. वीज-कंपन्यांनीं दर युनिटामागें सेंटचा दहावा भाग भरावयाचा, व सरकारनें ३१ जानेवारी १९९८ पासून कचरा उचलावयाचा, असा करार होता. पैसा नेमानें आला. कचरा जागचा हलला नाहीं! १९८७ सालीं काँग्रेसनें नेव्हाडांतील युक्का पर्वत तेवढाच तपासावयाचें ठरविलें. त्या राज्याचा विरोध शमला नाहीं, व २०१० नंतर कामाला रक्कमच मंजूर होईना. वसुली मात्र मे २०१४ पर्यंत चालली. तीहि न्यायालयानें ठणकावल्यावर थांबली. तोंवर निधींत तीस अब्जांहून अधिक डॉलर जमले होते. पण खर्चास काँग्रेसची मंजुरी हवी, म्हणून ते कागदावरच राहिले. करारभंगाची भरपाई कंपन्यांना या निधींतून देतां येत नाहीं. ती सामान्य करदात्याच्या खिशांतून जाते.