किरणोपचार आणि अंतराचा प्रश्न : येरवडा, परळ, बार्शी

वैद्यकाचा इतिहास लिहिताना शोधांचा व यंत्रांचा कालानुक्रम मांडण्याची प्रथा आहे. कर्करोगावरील किरणोपचाराच्या बाबतीत मात्र ती अपुरी ठरते. शस्त्रक्रिया एका बैठकीत आटोपते; किरणोपचार कित्येक आठवडे, रोजच्या हजेरीने घ्यावा लागतो. म्हणून यंत्र कोणत्या साली आले, या प्रश्नाइतकेच ते रुग्णाच्या घरापासून किती दूर होते, या प्रश्नालाही ऐतिहासिक महत्त्व आहे.

पुण्यातील एका सुविख्यात घटनेवरून हा भेद स्पष्ट होतो. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या कारागृहात महात्मा गांधींना आंत्रपुच्छदाह झाला. त्यांना ससून रुग्णालयात हलविण्यात आले आणि १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली, तेव्हा कंदिलाच्या उजेडात ती पुरी करण्यात आली. क्ष-किरणांचे यंत्र विजेवाचून चालत नाही आणि किरणोपचार एका रात्रीत पुरा होत नाही. मग त्या रात्री तो रुग्ण कर्करोगाचा असता, तर केवळ नदी ओलांडून भागले नसते.

हा उपचार इतका लांबण्याचे कारण शास्त्रीय आहे. एकाच वेळी दिलेली मोठी मात्रा त्वचा व निरोगी पेशी यांना सहन होत नाही. तीच अनेक दिवसांत विभागून दिली असता निरोगी पेशी सावरतात आणि रोगपेशींचा नाश साधतो. पॅरिस येथे क्लोद रेगो व आंरी कुतार यांनी १९२० नंतरच्या दशकात या तत्त्वाचा पाया घातला. रोज सुमारे दोन ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, पाच ते सात आठवडे, हा क्रम त्यातूनच रूढ झाला. स्तनाच्या कर्करोगात हा काळ आता तीन आठवड्यांपर्यंत आला आहे. परंतु गर्भाशयमुखाच्या व तोंडाच्या कर्करोगांत दीर्घ क्रम बहुधा टळत नाही. तो मध्येच खंडित झाला, तर रोग परतण्याचा संभव वाढतो.

पश्चिम हिंदुस्थानात या उपचाराला स्थैर्य आले ते परळ येथे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. सर दोराबजींचे निधन १९३२ मध्ये झाले. दोराबजींच्या विश्वस्तनिधीतून उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. परंतु मराठवाड्यातील वा कोकणातील शेतकऱ्याच्या दृष्टीने परळ म्हणजे दीड-दोन महिन्यांचा मुंबईचा मुक्काम, सोबत्याची बुडालेली मजुरी आणि हातची गेलेली सुगी. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांचा आसरा झाली. किरणोपचाराचा सामाजिक इतिहास रुग्णालयाच्या दप्तराइतकाच धर्मशाळेच्या नोंदवहीतही शोधावा लागतो, तो यामुळेच.

यंत्र मुंबईबाहेर जाण्याची वाट कोबाल्टने सुकर केली. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० वापरून दूरकिरणोपचार सुरू झाला. या द्रव्यातून किरण आपोआप बाहेर पडत असल्याने उच्च विद्युद्दाबाची अवघड यंत्रणा लागत नाही. मात्र त्याचे अर्धायुष्य सुमारे सव्वापाच वर्षांचे आहे. तेवढ्या काळात तीव्रता निम्मी होते, तीच मात्रा देण्यास दुप्पट वेळ लागतो आणि रांग वाढते. म्हणजे यंत्र बसविणे हे काम एकदाचे असले, तरी त्यातील द्रव्य वेळेवर बदलणे हे कायमचे असते.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८२ मध्ये डॉ. भ. म. नेने यांच्या पुढाकाराने सुरू झालेले नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तेथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणे समजावून सांगत, संशयित रुग्णांस रुग्णालयात येण्यास प्रवृत्त करीत. परिणामी गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत निदानास येऊ लागला. पुढे शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, विषाणुतपासणी झालेल्या गटातील या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटल्याचे दिसले. जवळचे यंत्र आणि गावात जाणारा माणूस, या दोहोंपैकी एकट्याने हे साधले नसते.

येरवड्याच्या नदीपलीकडे, कोरेगाव पार्कमधील बुधरानी रुग्णालयात आज किरणोपचाराची सोय आहे. तरीही रोजंदारीवरील मजुरास पाच ते सात आठवड्यांचा उपचार म्हणजे पंचवीस ते पस्तीस दिवसांची हजेरी होय. शासकीय योजनेने उपचाराचा खर्च भागला, तरी बुडालेली मजुरी भरून निघत नाही. यावरून असे अनुमान निघते की, अंतर केवळ मैलांत मोजता येत नाही. ते दिवसांतही मोजावे लागते. किती यंत्रे बसली, याबरोबरच किती रुग्णांनी उपचार शेवटपर्यंत पुरा केला, हे तपासल्याविना महाराष्ट्रातील किरणोपचाराचा इतिहास पूर्ण होणार नाही.