चर्चगेटच्या वाटेवरील गोमंतकीय वाद्यवृंद

गोमंतकाने महाराष्ट्राला संगीत दिले, हे विधान आपण वारंवार करतो, आणि ते करताना मंगेशीचे दीनानाथ, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई एवढीच नावे मनश्चक्षूंपुढे उभी राहिली, तरी त्यात काही न्यून राहिले असे आपणांस वाटत नाही. परंतु त्याच भूमीतील हळदोणे, माजोर्डा, मडगाव, रेइश मागूश या गावांतून व्हायोलिन, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन घेऊन ज्या ख्रिस्ती वादकांनी मुंबईची वाट धरली, आणि विसाव्या शतकाच्या मध्याची तीन-चार दशके या शहराच्या रात्री नादमय केल्या, त्यांचा नामनिर्देश मराठी संगीतविषयक लेखनात अभावानेच आढळतो. ही उणीव किरकोळ नव्हे. कारण ज्या चित्रपटगीतांवर आपल्या दोन पिढ्या वाढल्या, त्यांच्या घडणीत या मंडळींचा वाटा फार मोठा आहे.

१५१० साली गोव्यात पोर्तुगीज अंमल सुरू झाला आणि पुढे चर्चला जोडून ज्या शाळा निघाल्या, त्यांत मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलेखन वाचावयास आणि व्हायोलिन धरावयास शिकविले जाई. हेतू धर्मकार्याचा होता. पण त्याचा परिणाम असा झाला, की खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगादेखील कधी न ऐकलेली रचना कागदावरून वाजवू शकू लागला. गावात या विद्येला रोजगार नव्हता. तो ब्रिटिश मुलखात होता. पलटणींचे बँड, संस्थानिकांच्या पदरचे वाद्यवृंद, आगबोटी आणि मूकपटांची चित्रगृहे, इतक्या ठिकाणी या वादकांच्या नेमणुका होत. मूकपटांचा हा आधार मात्र अकस्मात तुटला: १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ झळकला, पडदा बोलू लागला, आणि पडद्यापुढे बसून वाजविणाऱ्यांना दुसरे दार शोधणे प्राप्त झाले.

मुंबईत या मंडळींचा आसरा म्हणजे ‘कूड’. धोबी तलाव आणि माझगाव या भागांत गावागावाच्या कुडी होत्या. धोबी तलावावरील जेर महाल या एका इमारतीतच अशा अनेक कुडी आहेत. अल्प मासिक वर्गणी, भिंतीलगत ओळीने मांडलेल्या ट्रंका, कोपऱ्यात वेदी आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणावयाची रोजारची प्रार्थना, असा तेथील शिरस्ता असे. खलाशी, आचारी आणि वादक एकाच छपराखाली राहत असल्याने कोणत्या हॉटेलात कोणाची जागा रिकामी झाली ही वार्ता तेथे लवकर पोचे.

१९३५ च्या हिवाळ्यात लिऑन ॲबी या अमेरिकन कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाचा मेळ ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले, आणि जॅझ काय असतो हे मुंबईच्या वादकांनी प्रत्यक्ष त्यांच्याच तोंडून ऐकले. फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या गोमंतकीय ट्रम्पेटवादकाने या सहवासातून जे उचलले, ते केवळ अनुकरण नव्हते. कागदाबाहेर जाऊन ऐन वेळी स्वर रचण्याचे जे धैर्य त्याच्या पारंपरिक शिक्षणाने दिले नव्हते, ते त्याला येथे लाभले. १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजचा मेळ मिकी कोरिया यांच्या हाती होता. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने इतके गाजले, की लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. चर्चगेट रस्त्यावर ॲम्बॅसडर, रिट्झ, गेलॉर्ड, अस्टोरियातील व्हेनिस अशी ठिकाणे एकापाठोपाठ उभी होती. मडगावचे क्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांचा काळ याच रस्त्यावरचा. १९४९ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात दारूबंदी आली, तरी हे संगीत थांबले नाही.

या वादकांची खरी कामगिरी मात्र हॉटेलांत नव्हे, तर चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत शोधली पाहिजे. संगीत दिग्दर्शक चाल बांधी, पेटीवर ती गाऊन दाखवी. आणि ती कागदावर उतरवून, साठ-सत्तर वाद्यांपैकी प्रत्येकाने केव्हा काय वाजवावे हे लिहून देणारा असे हा ‘अरेंजर’. हार्मनी ही आपल्या संगीतात नसलेली गोष्ट, म्हणजे एकाच क्षणी भिन्न स्वरांनी परस्परांस आधार देणे, हिंदी गीतात आणण्याचे बिकट कार्य त्याने केले, आणि ते अशा कौशल्याने केले, की चालीचा एतद्देशीय स्वभाव बिघडला नाही. पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांची, म्हणजे सी. रामचंद्रांची, प्रतिभा निर्विवाद आहे. पण ‘अलबेला’तील १९५१ ची ती उसळी चिक चॉकलेट यांच्या साथीवाचून तशी आली असती, असे मला वाटत नाही. शंकर-जयकिशन यांच्याकडे तालाची बाजू दत्ताराम वाडकर सांभाळीत आणि वाद्यमेळाची सेबॅस्टियन डिसोझा. फाळणीपूर्वी लाहोरात बँड चालविणाऱ्या या रेइश मागूशच्या वादकाचे व्हायोलिनवृंद आजही कानांवर पडतात. नाव मात्र श्रेयनामावलीत ‘साहाय्यक’ म्हणून लहान अक्षरांत, आणि इतर बहुतेकांचे तर मुळीच नाही. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये भारतीय रागांवर आधारलेल्या रचना पूर्ण वाद्यवृंदासह मुंबईत सादर केल्या. तो प्रयोग टिकला नाही. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ साली एका विनोदी गीतात गुरूचे नाव गुंफले. आणि सर्व देशाने ते नाव गुणगुणले, पण ते कोणाचे हे थोड्यांनाच माहीत होते.

पुढचा वृत्तांत थोडक्यात सांगण्याजोगा आहे. १९७८ मध्ये धोबी तलावाजवळच्या रंगभवनात पहिली जॅझ यात्रा भरली, तेव्हा जुन्या हॉटेलांतील मेळांचा बहर ओसरू लागला होता. आणि ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर आल्यावर पन्नास व्हायोलिनांची गरज एकाच यंत्राने भागू लागली.

ज्यांच्या घरी अशा वादकांची स्वरलेखनाची पाने, करारनामे किंवा छायाचित्रे जुन्या ट्रंकांत पडून असतील, त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे, की ती रद्दीत घालू नयेत. वाळवी आणि पाऊस यांच्या तावडीतून ती सोडवून एखाद्या ग्रंथालयाच्या दप्तरी सुपूर्त करावीत, आणि ज्या हाताने ती लिहिली त्याचे नाव प्रत्येक पानावर न विसरता नोंदवावे.