लिंट ते हार्टब्लीड

शुक्रवारी आमच्या कोडवर स्कॅनर चालवला आणि तेराशेच्या वर वॉर्निंग आल्या. लीड म्हणाला, "निम्म्या बंद करून टाक रे, मंगळवारी रिलीज आहे." केल्या बंद. पण ते काही डोक्यातून जाईना, म्हणून ही भानगड मुळात सुरू कुठून झाली ते खणत बसलो.

सुरुवात बेल लॅब्जमध्ये. स्टीफन जॉन्सनने १९७८ मध्ये 'लिंट' लिहिला. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेले बारीक तंतू. कोडमधलेही तसेच वेचून काढायचे: न वापरलेलं व्हेरिएबल, न जुळणारे टाइप वगैरे. सिक्युरिटीचा त्यात विषयच नव्हता.

तो आला २ नोव्हेंबर १९८८ ला. मॉरिस वर्मने फिंगर सर्व्हरच्या ५१२ बाइटच्या बफरमध्ये ५३६ बाइट कोंबले. जमलं कसं? तर तिथे 'गेट्स' फंक्शन होतं, जे जागा किती आहे हे विचारतच नाही! (त्याला सीच्या स्टँडर्डमधून हाकलायला २०११ उजाडलं. असो.) पुढे २००० चा आयटीएस४, २००१ चा फ्लॉफाइंडर आले. त्यांचं काम मुख्यतः असल्या धोकादायक फंक्शनांची नावं कोडमध्ये शोधायची. म्हणजे जरा शहाणा ग्रेपच.

स्टॅनफर्डमधल्या डॉसन एंगलरच्या ग्रुपमधून निघालेलं कव्हेरिटी खूप पुढचं होतं. ते डेटा कुठून कुठे वाहतो ते बघायचं. तरीही हार्टब्लीड त्याला दिसला नाही.

७ एप्रिल २०१४ ला हा बग जाहीर झाला, पण ओपनएसएसएलमध्ये तो मार्च २०१२ पासून बसलेला होता. समोरचा म्हणतो, "मी इतके बाइट पाठवले, तेवढे परत दे." पाठवलेला असतो एखादाच. सर्व्हर न मोजता ६४ केबीपर्यंत स्वतःची मेमरी देऊन टाकतो, त्यात पासवर्ड असोत की प्रायव्हेट की.

टूलला का कळलं नाही? कारण तो आकडा नेटवर्कवरून आलाय हेच त्याला माहीत नव्हतं. प्रत्येक आकड्यावर संशय घ्यावा तर खोट्या वॉर्निंगचा पूर. मग काही दिवसांतच कव्हेरिटीच्या अँडी चाऊने मस्त युक्ती सांगितली. कोड जर बाइटचा क्रम उलटवत असेल, तर तो आकडा बहुधा बाहेरूनच आलाय. त्याच्यावर भरवसा नको. लगेच हार्टब्लीड सापडला!

हे वाचून आत्ता, रविवारी रात्री, बंद केलेल्यांपैकी फक्त लांबीच्या वॉर्निंग परत चालू केल्या. एकोणतीस. सातवीपाशी अडकलोय, तिथली लांबी थेट सॉकेटवरून येतेय. लीडला फोन लावतो.