पू की दाह? : मोतीबिंदूच्या इतिहासातील एक प्रकरण



१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, पांढुर्णा आणि सौसर मध्यप्रदेशात राहिले. तरी येथील अनेकांची डोळे दाखविण्याची वाट नागपूरचीच राहिली. शस्त्रक्रिया करून म्हातारे माणूस घरी येते. दुसऱ्या दिवशी डोळा लाल झाला, आत पांढरा थर दिसला, की घरात एकच शब्द उमटतो : पू. तो शब्द नेहमीच खरा नसतो, हे इतिहास सांगतो.

शलाकेने मोतीबिंदू बाजूला सारण्याचा विधी सुश्रुतसंहितेत आहे. १७४७ मध्ये फ्रेंच शल्यविशारद जाक दाव्हिएल यांनी तो डोळ्याबाहेर काढला. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली यांनी प्रथमच कृत्रिम भिंग बसविले. आरंभीच्या काही डोळ्यांत तीव्र दाह उसळला. भिंग निर्जंतुक करण्यासाठी वापरलेल्या सेट्रिमाइडचा अंश त्यावर राहत होता, हे त्याचे एक कारण पुढे उमगले. जंतू मारणारे द्रव्यच डोळ्याला जाचले होते!

अशा दाहाला १९९२ मध्ये ‘टॉक्सिक अँटिरिअर सेगमेंट सिंड्रोम’ हे नाव मिळाले. उपकरणांवर उरलेला साबण, मेलेल्या जंतूंचे विष, सदोष द्रव किंवा औषध ही त्याची कारणे. यातील पांढरा थर रक्तातील पांढऱ्या पेशींचा असतो. त्यात जिवंत जंतू नसतात. हा दाह बहुधा १२ ते ४८ तासांत येतो, फारसा दुखत नाही आणि स्टिरॉइडच्या थेंबांनी ओसरतो. जंतुसंसर्ग बहुधा काही दिवसांनी, वेदनेसह आणि दृष्टी झपाट्याने मंदावत येतो.

परंतु ही सीमारेषा पुसट आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात जंतुसंसर्ग झालेल्या सुमारे एक चतुर्थांश रुग्णांना वेदना नव्हती. म्हणून शंका असेल तेथे वैद्य जंतुसंसर्गच गृहीत धरतात, डोळ्यातील द्रव तपासणीस पाठवितात आणि अहवालाची वाट न पाहता डोळ्यात प्रतिजैविक देतात.

निदान वैद्यांचे, वेळ मात्र आपल्या हाती. ‘ऑपरेशनची लाली आहे, उतरेल’ म्हणून थांबणे जितके घातक, तितकेच ‘आता डोळा गेलाच’ म्हणून हात टेकणेही. लाली वाढली, नजर मंदावली, तर दुखण्याची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे. जुन्या शब्दाने नव्या डोळ्याचा निकाल लावू नये, एवढीच प्रार्थना.