जोहार ते जयभीम : घरातली शाळा

आपण आपला इतिहास मोर्चात शोधतो, पुतळ्याखाली शोधतो. चुलीपुढं कोणी शोधत नाही. मी प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधणारा माणूस. कॉलेज पाह्यलं नाही. पण एवढं कळते, की गुलामी गावानं शिकवायच्या आधी घरानंच शिकवली.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात माय दुसऱ्याच्या वावरात सरकी टोबायची, पोट्टं धुऱ्यावर बसायचं. पाटील दिसला की बाजूला हो, खाली पाय, जोहार घाल! हे मायनं दुष्टाव्यानं शिकवलं नाही. लेकरानं मार खाऊ नये म्हणून तिनं त्याला वाकायला शिकवलं. त्यात नाव दगड्या, नाहीतर कचऱ्या. रोज शंभरदा तीच हाक ऐकून पोरगं स्वतःला काय समजंल?

भीमराव सहा वर्षांचे व्हायच्या आत, १८९६ साली, भीमाबाई गेल्या. सातारच्या शाळेत ते पोरगं वेगळं, गोणपाटावर बसायचं. घरी मात्र रामजी सुभेदार त्याचा अभ्यास घ्यायचे. परळच्या चाळीत खोली एकच. रात्री दोनला बाप पोराला अभ्यासाला उठवायचा, मग स्वतः आडवा व्हायचा. शाळेनं बाहेर ठेवलेल्या पोराला घरानं विद्यार्थी मानलं.

म्हणूनच बाबासाहेब मायबहिणींशी वेगळे बोलले. डिसेंबर १९२७ ला महाडात म्हणाले, जातीची खूण पटवणारी लुगडी-दागिने टाका, पोरींनाही शिकवा. २० जुलै १९४२ ला नागपुरात महिला परिषद भरली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. तिथं त्यांनी सांगितलं, की लेकरांत महत्त्वाकांक्षा पेरा, न्यूनगंड काढा, लग्नाची घाई करू नका.

कामठीच्या बाबू हरदासांनी 'जयभीम' रुजवला होताच. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर घराघरातले देव उतरले. पाळण्यात गौतम, राहुल, सुजाता आले. मायनं हाक बदलली, तसा पोराचा कणा बदलला.

आता आपली पाळी. बाप दारू पिऊन मायवर हात टाकते, ते पोट्टं कोपऱ्यातून पाह्यते. भाऊ समतेवर भाषण ठोकून येते अन् बहीण त्याचं ताट उचलते. हेही शिक्षणच हाय! लेकरू घोषणा नाही, घर पाठ करते. तवा शाखेची बैठक आटोपली की घरी जा, आपलं ताट आपण धुवा, बहिणीला पुरतं बोलू द्या. लहानगं पाहूनच ऱ्हायलं.