मॉरिशसला जाताना : आरोग्य आणि सुरक्षिततेची माहिती



बरखेड्यातील आणि भेलच्या इतर सेक्टरमधील आपली अनेक कुटुंबे आता निवृत्तीनंतर किंवा मुलांच्या आग्रहाने परदेशी सहलीला जातात. त्यात मॉरिशसचे नाव वरचेवर येते. मुंबईहून थेट विमान आहे, प्रवास सुमारे सहा तासांचा आहे आणि पर्यटक म्हणून जाणाऱ्या भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. शिवाय तेथे आपली माणसे आहेत. १८३४ पासून ऊसमळ्यांवर करारी मजूर म्हणून जे भारतीय नेले गेले, त्यांत मुंबई इलाख्यातील, विशेषतः कोकणातील मराठी कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आजही मराठी मंडळे चालवतात, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवले जाते आणि गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते.

या आपलेपणामुळे आपण थोडे निष्काळजी होतो. निदान मी झालो होतो. माझी चूक पुढे विम्याच्या भागात सांगितली आहे. ती इतरांकडून होऊ नये म्हणून ही माहिती एकत्र केली आहे. विशेषतः साठीच्या पुढच्या सदस्यांनी आणि त्यांना नेणाऱ्या मुलामुलींनी ती वाचावी.

१. कधी जावे

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस साधारण २० अंशांवर आहे, त्यामुळे ऋतू आपल्या उलट. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, दमट हवा, पाऊस आणि चक्रीवादळांचा काळ. जून ते सप्टेंबर हिवाळा, हवा सौम्य आणि कोरडी. दिवाळी किंवा नाताळच्या सुट्टीत जाणारे नेमके तेथील उन्हाळ्यात पोहोचतात.

सांचीला जाताना रस्त्यावर कर्करेषेचा फलक लागतो, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. मॉरिशस तसेच मकररेषेजवळ आहे. म्हणजे डिसेंबरात तेथे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, जसा भोपाळला जूनमध्ये. समुद्रावरच्या वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही, पण कातडी भाजते. सकाळी दहा ते दुपारी तीन सावलीत राहावे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि टोपी वापरावी, पाणी पीत राहावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अंगातील पाणी लवकर कमी होते. अशांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

तारीख आपल्या हातात असेल तर ज्येष्ठांसाठी मे ते ऑक्टोबर हा काळ चांगला. गंगा तलाव (ग्रां बासँ) उंचावर आहे. तेथे हिवाळ्यात गारठा आणि पाऊस असतो, म्हणून एक शाल बरोबर असू द्यावी.

२. औषधे

- सर्व औषधे हातातील बॅगेत ठेवावीत. नवरा-बायको दोघे असाल तर साठा दोन बॅगांत विभागावा. सामान एक-दोन दिवस उशिरा येणे नवीन नाही.
- सहलीचे दिवस अधिक एक आठवडा, इतका साठा घ्यावा. वादळामुळे विमाने रद्द होऊ शकतात.
- डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत आणि औषधाच्या मूळ रासायनिक नावासह घ्यावी. आपल्याकडचे कंपनीचे नाव तेथील दुकानदाराला कळेलच असे नाही.
- गोळ्या मूळ पाकिटातच असू द्याव्यात. डब्यात सुट्या गोळ्या नेऊ नयेत.
- झोपेच्या, मानसिक आजारावरील आणि तीव्र वेदनाशामक औषधांबाबत तेथील कायदा फार कडक आहे. अशी औषधे चालू असतील तर परवानगी लागते का, हे निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.
- इन्सुलिन सामानात टाकू नये, विमानाच्या मालकक्षात ते गोठू शकते. चिठ्ठीसह हातातील बॅगेत ठेवावे. ग्लुकोमीटर विसरू नये. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे आहे, त्यामुळे वेळापत्रक फारसे बदलत नाही.
- कोणाचेही पार्सल किंवा औषध "पोचवून द्या" म्हणून घेऊ नये, मग ते नात्यातले का असेनात. अमली पदार्थांच्या गुन्ह्यांना तेथे जबर शिक्षा आहे आणि बॅग ज्याची, जबाबदारी त्याची.
- बिया, रोपे, ताजी फळे नेऊ नयेत. त्यांवर निर्बंध आहेत.

३. डास

मॉरिशसमधून मलेरियाचे उच्चाटन झाल्याचे १९७३ मध्येच जाहीर झाले. पण डेंग्यू आणि चिकुनगुनिया अधूनमधून येतात. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातील बेटांवर चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती आणि २०२५ मध्येही रुग्ण आढळले. हे दोन्ही आजार पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. म्हणजे फक्त रात्री मच्छरदाणी लावून भागत नाही. सकाळी आणि संध्याकाळी बागेत, झाडीत फिरताना डास पळवणारे मलम हाता-पायांना लावावे.

ताप आला तर पॅरासिटामॉलच घ्यावे. डेंग्यूची शंका असताना आयब्रुफेन किंवा अॅस्पिरिन स्वतःहून घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ज्यांना हृदयासाठी अॅस्पिरिन चालू आहे त्यांनी ते मनाने बंदही करू नये, डॉक्टरांना विचारावे. परत आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर येथील डॉक्टरांना "मी मॉरिशसला जाऊन आलो" हे आवर्जून सांगावे.

भारतातून थेट जाणाऱ्यांना पीतज्वराची लस लागत नाही. पीतज्वर असलेल्या आफ्रिकी देशातून जात असाल तर प्रमाणपत्र लागते.

४. समुद्र

आपण भोपाळची माणसे तलावाकाठची. बड्या तलावाचे पाणी जेथे आहे तेथेच राहते. समुद्राचे तसे नाही.

मॉरिशसच्या बहुतेक किनाऱ्याभोवती प्रवाळाची भिंत आहे. तिच्या आतले उथळ, शांत पाणी पोहायला ठीक असते. पण या भिंतीत जेथे खिंडी आहेत तेथे ओढ जोरदार असते. दक्षिणेला सुईयाकजवळ ग्री-ग्री येथे भिंतच नाही, तेथे मोठ्या लाटा थेट खडकावर आदळतात. ते पाहण्याचे ठिकाण आहे, उतरण्याचे नाही.

- पोहण्यासाठी तरंगत्या खुणांनी आखलेल्या भागातच जावे. ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा हट्ट न धरता तरंगत राहावे, हात वर करावा, ओढीला आडवे पोहून बाहेर यावे.
- पाण्यात रबरी बूट घालूनच उतरावे. प्रवाळाने कापते, समुद्री साळूचे काटे रुततात आणि दगडासारखा दिसणारा विषारी दगडमासाही तेथे आढळतो. त्याचा काटा लागल्यास असह्य वेदना होतात. पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे.
- प्रवाळाची जखम लहान दिसली तरी स्वच्छ पाण्याने धुऊन, जंतुनाशक लावून रोज तपासावी. मधुमेहींनी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.
- हृदयविकार, दमा, कानाचा त्रास किंवा नुकतेच डोळ्याचे ऑपरेशन झालेल्यांनी समुद्रतळावर चालणे, स्कूबा, पॅरासेलिंग टाळावे. स्कूबा केल्यावर किमान १८ ते २४ तास विमानात बसू नये.
- शंख किंवा प्रवाळ उचलून आणू नयेत. तो तेथे गुन्हा आहे.

५. खाणे-पिणे

शाकाहारी मंडळींची अडचण होत नाही. डाळ भरलेली धॉल पुरी सगळीकडे मिळते. नळाचे पाणी शुद्ध केलेले असते, पण जोरदार पाऊस किंवा वादळानंतर उकळलेले किंवा बाटलीबंदच प्यावे. मासे खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की प्रवाळातील काही मोठ्या माशांत असे विष साठते की ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या, जुलाब, ओठांना मुंग्या, गार वस्तू गरम लागणे अशी लक्षणे दिसली तर थांबू नये. ओळखीच्या चांगल्या हॉटेलातच मासे खावेत.

६. चक्रीवादळ आणि पूर

तेथील हवामान खाते चार वर्गांत इशारा देते.

- वर्ग १ : वादळाचा परिणाम होण्याच्या साधारण ३६ ते ४८ तास आधी. पाणी, औषधे, टॉर्च, मोबाइलचे चार्जिंग, थोडी रोख रक्कम याची तयारी करावी.
- वर्ग २ : ताशी १२० किलोमीटरचे झोत येण्यापूर्वी उजेडाचे १२ तास हाती असतील असा. लांबची सहल रद्द करून मुक्कामी परतावे.
- वर्ग ३ : हाती उजेडाचे सहा तास. यानंतर बाहेर पडू नये, बसही बंद होतात.
- वर्ग ४ : तसे झोत प्रत्यक्ष नोंदले गेले आहेत. खिडक्यांपासून दूर बसावे.

मध्येच वारा एकदम थांबला तर वादळ संपले असे समजू नये. तो वादळाचा डोळा असू शकतो, थोड्या वेळाने वारा उलट दिशेने येतो. इशारा मागे घेतल्याचे जाहीर होईपर्यंत आतच राहावे.

पुराचा धोका वाऱ्याइतकाच मोठा आहे. ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईमध्ये अचानक आलेल्या पुरात ११ जणांचा मृत्यू झाला. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळात त्याच शहरात रस्त्यावरच्या गाड्या वाहून गेल्या. पाणी चढू लागले की तळघरातील पार्किंग, भुयारी मार्ग आणि नाले सोडून उंचावर जावे. गाडी वाचवायला जाऊ नये.

७. विमा : माझी चूक

बँकेत पस्तीस वर्षे मी ग्राहकांना सांगत आलो, "साहेब, सही करण्यापूर्वी फॉर्म वाचा." आमच्या सहलीच्या वेळी विम्याच्या फॉर्मात जुन्या आजारांचा रकाना होता. मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. तो लिहिला तर हप्ता दीड हजाराने वाढत होता. साखर आटोक्यात आहे, सात दिवसांचाच प्रश्न आहे, असा विचार करून मी "नाही" लिहिले.

दुसऱ्या दिवशी अनवाणी पाण्यात उतरलो आणि टाचेला प्रवाळ लागला. बायको म्हणाली, "डॉक्टरकडे जाऊ या." मी म्हटले, "एवढ्याशाला काय जायचे?" चौथ्या दिवशी पाऊल सुजले, ताप आला. खासगी रुग्णालयात तीन दिवस राहावे लागले. पाय वाचला. बिल लाखाच्या पुढे गेले आणि दावा नामंजूर झाला, कारण तपासणीच्या कागदावर मधुमेह होता आणि माझ्या फॉर्मात नव्हता. विमा कंपनीला दोष देता आला नाही. सही माझीच होती. परदेशात मुलाला रात्री फोन करून पैसे मागावे लागले, ते मला जास्त लागले.

म्हणून :

- सर्व जुने आजार, ऑपरेशने आणि चालू औषधे लिहावीत. फॉर्म एजंटने भरला तरी स्वतः वाचून सही करावी.
- जुन्या आजारासाठी किती आणि कोणत्या परिस्थितीत पैसे मिळतील ते वाचावे. अनेक पॉलिसींत ते केवळ जिवावर बेतल्यावरच मिळतात.
- जलक्रीडा, भाड्याची स्कूटर आणि मद्यपान यांविषयीच्या अटी पाहाव्यात.
- रुग्णाला किंवा पार्थिव भारतात आणण्याचा खर्च आहे का, ते पाहावे. विचारायला अवघड वाटते, पण विचारावे.
- घरची मेडिक्लेम किंवा निवृत्तांची वैद्यकीय योजना परदेशात चालते असे गृहीत धरू नये.
- भरती होताच विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर कळवावे. सर्व मूळ कागद जपावेत.
- दावा अन्यायाने नाकारला असे वाटल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, मग विमा लोकपालाकडे जावे. त्यांचे कार्यालय भोपाळमध्येच आहे.

८. जवळ ठेवण्याची चिठ्ठी

मोबाइल बंद पडतो, म्हणून हे कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवावे.

- पोलीस : ९९९ किंवा ११२
- रुग्णवाहिका (सामू) : ११४
- अग्निशमन : ११५
- पोर्ट लुई येथील भारतीय उच्चायोगाचा आणि विमा कंपनीचा क्रमांक
- हॉटेलचे नाव-पत्ता, स्वतःचा रक्तगट, आजार, औषधे, अॅलर्जी
- भोपाळमधील एका नातेवाइकाचा क्रमांक

मोठी सरकारी रुग्णालये अशी : पोर्ट लुईला डॉ. जीतू रुग्णालय, उत्तरेला पांपलमूस येथे सर शिवसागर रामगुलाम रुग्णालय, मध्यभागी कांदोस येथे व्हिक्टोरिया आणि दक्षिणेला रोझ बेल येथे जवाहरलाल नेहरू रुग्णालय. आपण उतरणार त्याला जवळचे कोणते, ते आधीच पाहून ठेवावे.

इंग्रजी चालते, अनेकांना हिंदी किंवा भोजपुरी समजते. रोजची बोली क्रेओल आहे. त्यातले तीन शब्द लक्षात असू द्यावेत : लोपिताल म्हणजे रुग्णालय, फार्मासी म्हणजे औषधाचे दुकान, दिलो म्हणजे पाणी.

पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत आणि त्याची प्रत जवळ ठेवावी. प्रवेशाचे आणि आरोग्याचे नियम बदलतात, म्हणून तिकीट काढताना आणि निघण्याच्या आठवड्यात, असे दोनदा अधिकृत माहिती तपासावी.

मंडळातील जे सदस्य नजीकच्या काळात जाणार आहेत त्यांनी विम्याचा फॉर्म घेऊन एखाद्या संध्याकाळी माझ्याकडे जरूर यावे. चहा घेता घेता आपण तो सगळे रकाने वाचून भरू.