'संगीताला जात नसते' म्हणणाऱ्यांसाठी ब्लू नोट्सचा इतिहास

'संगीताला जात नसते, धर्म नसतो, सीमा नसते.' गायकाच्या सत्कारात, टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत, रविवारच्या पुरवणीत हे वाक्य हमखास येते. अलीकडे त्याला 'फ्यूजन'ची जोड मिळाली आहे. जुन्याची नव्याशी, देशीची विदेशीशी सांगड घातली की माणसेही आपोआप जवळ येतात, असे आम्हाला सांगितले जाते. आम्हाला या मंडळींना एकच प्रश्न विचारायचा आहे. कुठले संगीत कोणी वाजवायचे, कुणासमोर वाजवायचे आणि कुणाची परंपरा कुठली, हे ठरवतो कोण?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना दक्षिण आफ्रिकेतल्या सहा जॅझ वादकांचा इतिहास फार उपयोगी पडतो. त्यांच्या गटाचे नाव 'ब्लू नोट्स'. पियानोवर ख्रिस मॅकग्रेगर, अल्टो सॅक्सोफोनवर डूडू पुक्वाना, टेनर सॅक्सोफोनवर निक मोयाके, ट्रम्पेटवर मोंगेझी फेझा, बासवर जॉनी डियानी आणि ड्रमवर लुई मोहोलो. पाच काळे, एक गोरा. आज हे वाचताना यात काही विशेष वाटणार नाही. १९६३ च्या दक्षिण आफ्रिकेत मात्र हे सहा जण एका मंचावर उभे राहणे हीच राजकीय घटना होती.

१९४८ साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेद हे सरकारचे अधिकृत धोरण झाले. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसावर वंशाचा शिक्का मारला. त्याच वर्षीच्या गट क्षेत्र कायद्याने कोणी कुठे राहायचे ते ठरवले. १९५३ च्या कायद्याने बसायची बाके, बसगाड्या, समुद्रकिनारे, शौचालये वेगळी केली. काळ्या माणसाला शहरात फिरायला खिशात पास लागे. गावकुसाबाहेरची वस्ती आणि वेगळा पाणवठा ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी भोगला, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. तिथे हे सगळे संसदेने मंजूर करून छापले होते. आपल्याकडे स्मृती आणि रूढी यांनी तेच काम सरकारी छापखान्याशिवाय केले, एवढाच फरक.

जोहान्सबर्गमधले सोफियाटाऊन ही काळ्या लेखकांची, पत्रकारांची, वादकांची वस्ती. फेब्रुवारी १९५५ मध्ये पोलिसांनी ती रिकामी करायला सुरुवात केली. घरे पाडली आणि त्या जागी गोऱ्यांसाठी नवी वसाहत उभारून तिचे नाव ठेवले 'ट्रायोम्फ', म्हणजे विजय.

आता मुद्द्याकडे येऊ. वर्णभेदाचे सरकार काळ्यांच्या परंपरेच्या विरोधात होते, असा अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. त्या सरकारला काळ्यांची परंपरा फार आवडायची! त्याचे म्हणणे असे की काळा माणूस मुळात शहराचा नव्हेच. तो झुलू आहे, खोसा आहे, सोथो आहे. त्याने आपल्या टोळीच्या मुलखात राहावे, आपली नाचगाणी जपावीत, शहरात फक्त मजुरीला यावे आणि परत जावे. १९५३ चा बांटू शिक्षण कायदा याच विचारातून आला. तो राबवणारे फेरवूर्ट यांनी उघडपणे मांडले होते की काही ठरावीक मजुरीच्या पलीकडे गोऱ्यांच्या समाजात काळ्यांना स्थान नाही, मग त्यांना त्या पलीकडचे शिकवायचे कशाला. १९५९ मध्ये टोळीनिहाय 'स्वराज्या'चा कायदा आला, १९६३ मध्ये ट्रान्सकाय या खोसा प्रदेशाला नावापुरती स्वायत्तता मिळाली. १९६० पासून सरकारी रेडिओने काळ्यांसाठी वेगवेगळ्या भाषांत वेगवेगळी केंद्रे चालवली आणि गाण्याचे शब्द तपासून मगच ते वाजवले जाई. परंपरेचे जतन, परंपरेचे शिक्षण, परंपरेचे प्रसारण, सगळे सरकारी खर्चाने. फक्त माणूस तेवढा कायमचा जखडलेला.

म्हणूनच काळ्या तरुणाने जॅझ वाजवणे याला तिथे वेगळाच अर्थ होता. जॅझ हे शहराचे संगीत, अमेरिकेतल्या गुलामांच्या वंशजांनी घडवलेले. ते वाजवणारा माणूस न बोलता सांगत होता की मी शहराचा आहे, मी आजच्या काळाचा आहे, तुमच्या टोळीच्या कप्प्यात मी मावत नाही. जानेवारी १९६० मध्ये 'जॅझ एपिसल्स' या गटाने काढलेली तबकडी दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या जॅझ गटाची पहिली लाँगप्ले मानली जाते. त्यात ह्यू मासेकेला होते, पुढे अब्दुल्ला इब्राहिम म्हणून जगभर गाजलेले डॉलर ब्रँड होते. तिच्या प्रती निघाल्या फक्त ५००. दोन महिन्यांनी, २१ मार्च १९६० रोजी, शार्पव्हिल इथे पास कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ६९ माणसे मेली. आणीबाणी लागली, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर बंदी आली, सभा-मेळावे अशक्य झाले. तो गट फुटला, मासेकेला त्याच वर्षी देशाबाहेर गेले.

ब्लू नोट्स उभे राहिले ते या राखेतून. त्यांचे संगीत कसे होते, हे थोडे तपशिलात सांगायला हवे, कारण आमचा सगळा युक्तिवाद त्यावरच उभा आहे.

त्यांनी अमेरिकेतली बीबॉप शैली पचवली होती. वेगवान, गुंतागुंतीची चाल, मग एकेकाने आपापल्या मनाने केलेला विस्तार. पण त्यांच्या बोटांत त्याआधीपासून तीन गोष्टी होत्या. पहिली मराबी. मराबी हे जोहान्सबर्गच्या गलिच्छ चाळींमधले, १९२०-३० च्या दशकांत वाढलेले संगीत. बायका घरीच दारू गाळून विकत, त्या चोरट्या गुत्त्यांत शनिवार-रविवार रात्रभर कोणीतरी मोडका पियानो किंवा ऑर्गन वाजवी. तीन-चार स्वरमेळांचे एक छोटे आवर्तन, तेच पुन्हा पुन्हा, थकेपर्यंत. मिशन शाळेत शिकलेल्या काळ्या सुशिक्षितांना याची लाज वाटे. (तमाशाच्या फडाकडे पांढरपेशांनी ज्या नजरेने पाहिले, ती नजर आठवा.) दुसरी गोष्ट चर्चमधली सामूहिक गाणी, चार आवाजांत बांधलेली, गोऱ्या मिशनऱ्यांनी आणलेली आणि काळ्या मंडळ्यांनी स्वतःची करून टाकलेली. तिसरी खोसा लोकांचे धनुष्यवाद्य उहाडी. एका तारेचे दोन मूळ स्वर, त्यांच्यात साधारण एका पूर्ण स्वराचे अंतर, आणि त्या दोघांमध्ये सतत झुलणारे संगीत. एक जण हाक देतो, बाकीचे उत्तर देतात, पण हाक संपायची वाट न पाहता, तिच्यावर आपला आवाज चढवून.

पुक्वाना यांची 'म्रा' ही रचना ऐका. सरळ नाचायला लावणारी चाल, खाली मराबीचेच फिरते आवर्तन, आणि वर सॅक्सोफोन असा किंचाळतो की हा आनंद आहे की संताप हे ठरवता येत नाही. सरकारी रेडिओच्या 'पारंपरिक' कप्प्यात ही चाल बसली नसती आणि अमेरिकन जॅझच्या नकलेतही नाही. परंपरा त्यांनी सोडली नव्हती. सरकारने हातात दिलेली परंपरा नाकारली आणि गुत्त्यातली, चर्चमधली, आजीच्या घरातली परंपरा स्वतः निवडून घेतली.

हा फरक आपल्याला नवा नाही. गावकीत मेलेले ढोर ओढणे, सांगावा पोचवणे, पाटलाच्या दारात हलगी वाजवणे ही अस्पृश्यांची 'परंपरा' होती. १९२७ च्या महाड परिषदेपासून बाबासाहेबांनी असली लाचारीची कामे आणि मृत मांस सोडायला सांगितले, तेव्हा परंपरा बुडाली म्हणून गळा काढणारे कोण होते? ज्यांनी ती कधी वाजवली नव्हती ते! आणि त्याच समाजाने पुढच्या काळात भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे उभे केले. ढोलकी तीच, तमाशाच्या चाली त्याच. गण-गौळणीच्या जागी मात्र पाण्याचा, शिक्षणाचा, माणुसकीचा प्रश्न आला. सक्तीची हलगी खाली ठेवणारे हात आणि जलशाची ढोलकी उचलणारे हात एकाच समाजाचे होते. यात विसंगती शोधणाऱ्यांना मुद्दाच कळलेला नाही.

आता ख्रिस मॅकग्रेगर यांच्याविषयी. हे मिशन शाळेतल्या शिक्षकाचे चिरंजीव, बालपण ट्रान्सकायमध्ये गेलेले, खोसा गाणी आणि चर्चची गाणी कानावर घेत वाढलेले. केपटाऊनच्या संगीत महाविद्यालयात दिवसा युरोपियन अभिजात संगीत शिकायचे आणि रात्री काळ्या वादकांबरोबर वाजवायचे. गोरा म्हणून मिळणारे सुखाचे आयुष्य त्यांनी सोडले, ही साधी गोष्ट नव्हती. महाडला बाबासाहेबांबरोबर सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, सहस्रबुद्धे होते, हे आम्ही विसरत नाही आणि मॅकग्रेगर यांनाही त्याच मोजमापाने पाहतो. तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. गटाचे नाव पुष्कळदा 'ख्रिस मॅकग्रेगर आणि ब्लू नोट्स' असे छापले जाई. १९६८ मध्ये लंडनहून 'व्हेरी अर्जंट' ही तबकडी निघाली, ती तर 'ख्रिस मॅकग्रेगर ग्रुप'च्या नावानेच. त्यात वाजवणाऱ्या पुक्वाना, फेझा, डियानी, मोहोलो यांची नावे मुखपृष्ठावरच्या शीर्षकात नाहीत. दोष आम्ही मॅकग्रेगर यांना देत नाही. पण पाच काळे आणि एक गोरा असला की बाजार कुणाचे नाव पुढे करतो, हे लंडनमध्येही बदलले नव्हते.

१२ जून १९६४ रोजी नेल्सन मंडेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जन्मठेप झाली. पुढच्याच महिन्यात ब्लू नोट्स फ्रान्समधल्या आँतीब इथल्या जॅझ महोत्सवाच्या निमंत्रणावर देशाबाहेर पडले. निघण्यापूर्वी दरबानमध्ये झालेला त्यांचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला होता. तो तबकडीच्या रूपाने बाहेर आला १९९५ मध्ये. ३१ वर्षे तो आवाज फितीतच राहिला.

महोत्सव संपल्यावर ते परतले नाहीत. आणि परतून करणार काय? १९६५ मध्ये गट क्षेत्र कायद्याखालीच सरकारी घोषणा निघाली आणि मिश्र प्रेक्षकांवर, मिश्र करमणुकीवर परवान्याचा फास आणखी आवळला गेला. आधी झुरिच, तिथे डॉलर ब्रँड यांच्या ओळखीने काम मिळाले. मग १९६५ मध्ये लंडन. तिथे वादकांच्या युनियनचे नियम आडवे आले, सहज काम मिळेना. थंडी, भाड्याच्या खोल्या, उपासमार. निक मोयाके यांना परदेश सोसला नाही. ते मायदेशी परतले आणि काही वर्षांत तिथेच वारले. डियानी आणि मोहोलो १९६६ मध्ये अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टीव्ह लेसी यांच्याबरोबर अर्जेंटिनापर्यंत गेले.

तरी लंडनच्या जॅझवर या माणसांनी जो ठसा उमटवला तो पुसता येत नाही. १९७० च्या सुमारास मॅकग्रेगर यांनी 'ब्रदरहूड ऑफ ब्रेथ' हा मोठा वाद्यवृंद उभा केला. त्यात हे दक्षिण आफ्रिकन आणि त्यांच्या शेजारी बसलेले तरुण इंग्रज वादक. मंडळीला नाचवणारी मराबी आणि सगळे नियम मोडणारे मुक्त जॅझ, दोन्ही एकाच रात्री, कधी एकाच रचनेत. युरोपातल्या समीक्षकांना त्यात 'आफ्रिकेचा उल्हास' ऐकू येई. असेल. परदेशात अडकलेल्या माणसाने वाजवलेल्या नाचाच्या चालीत आणखीही काही असते, ते ऐकायला घर सुटलेले असावे लागते.

डिसेंबर १९७५ मध्ये मोंगेझी फेझा लंडनच्या रुग्णालयात न्यूमोनियाने गेले. वय अवघे ३०. २३ डिसेंबरला, त्यांच्या स्मरणार्थ झालेल्या प्रार्थनेनंतर, उरलेले चौघे स्टुडिओत गेले आणि काहीही न ठरवता वाजवत राहिले. 'ब्लू नोट्स फॉर मोंगेझी' या नावाने ते वादन प्रसिद्ध आहे. त्यात डियानी मध्येच खोसा भाषेत हाका मारतात. ज्यांना जॅझ कळत नाही त्यांनीही ते एकदा ऐकावे, असे आम्ही सुचवू. आपल्याकडे मयताच्या घरी रात्रभर भजन चालते, त्याची आठवण होते.

१९८६ मध्ये डियानी बर्लिनमध्ये वारले. पुढच्या वर्षी तिघांनी 'ब्लू नोट्स फॉर जॉनी' मुद्रित केले. ११ फेब्रुवारी १९९० रोजी मंडेला तुरुंगातून बाहेर आले. त्याच वर्षी २६ मे रोजी मॅकग्रेगर गेले, ३० जूनला पुक्वाना गेले. ज्या देशात सहा जणांना एका मंचावर मोकळेपणाने वाजवता आले असते, तो देश जन्माला येत असताना पाच जण संपले होते. एप्रिल १९९४ च्या पहिल्या खुल्या मतदानाच्या वेळी फक्त मोहोलो हयात होते.

केपटाऊनजवळच्या लांगा या काळ्या वस्तीत १९४० साली जन्मलेले मोहोलो ४१ वर्षांनी, २००५ मध्ये, मायदेशी राहायला परतले आणि तिथल्या तरुण वादकांबरोबर त्याच जुन्या चाली वाजवत राहिले. जून २०२५ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, केपटाऊनमध्येच त्यांचे निधन झाले.